वटवाघळं चमकली नाहीत तेव्हा : ‘मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ आणि जादूचं संशोधन

फँटसीतलं एखादं पात्र हुशार आहे हे वाचकाला पटवायचे दोन स्वस्त मार्ग आहेत. बाकीच्या पात्रांनी त्याला हुशार म्हणायचं, किंवा त्याच्या खोलीत पुस्तकांचे ढीग रचायचे. पुढे कथानक अडलं की हे पात्र रात्रभर वाचतं, पहाटे ‘सापडलं!’ म्हणत धावत येतं, आणि सापडलेलं नेमकं त्याच संकटाला लागू पडतं. हे संशोधन कसलं? लेखकाने मागच्या दाराने पोचवलेली चिठ्ठी ती.

एलिएझर युडकोव्स्की यांची ‘हॅरी पॉटर अँड द मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ ही कादंबरी अशा चिठ्ठ्यांवाचून चालायचं ठरवते, म्हणून तिचं परीक्षण याच एका कसोटीवर करायचं आहे. पहिलं प्रकरण फेब्रुवारी २०१० मध्ये आलं, शेवटचं १४ मार्च २०१५ रोजी. एकूण १२२ प्रकरणं, साडेसहा लाखांहून अधिक शब्द. इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर फुकट वाचता येते. जे. के. रोलिंग यांच्या जगावर बेतलेलं हे फॅनफिक्शन आहे. मुख्य बदल एवढाच, की पेट्युनिया मावशीने ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाशी लग्न केलंय आणि हॅरी विज्ञानाची पुस्तकं वाचत वाढलाय. मूळ मालिका निदान ढोबळमानाने ठाऊक नसेल तर निम्मे विनोद हवेत जातील. पुढे प्रयोगांचे निकाल सांगितलेत. ते आधी नको असतील तर इथेच थांबावं.

सुरुवात पैशापासून होते, आणि ती फर्मास आहे. चौथ्या प्रकरणात हॅरी जादूगारांच्या बँकेत नाण्यांचे भाव विचारतो. २९ नट म्हणजे एक सिकल (चांदीचं नाणं), १७ सिकल म्हणजे एक गॅलियन (सोन्याचं नाणं). चांदी आणून दिली तर बँक चालवणारे गॉब्लिन विसावा हिस्सा कापून नाणी पाडून देतात. बाहेरच्या जगात सोन्याचा भाव चांदीच्या साधारण पन्नासपट. आता हिशेब करा. एक भार सोनं बाहेर विकून पन्नास भार चांदी घ्यायची, पाच टक्के कापून साडेसत्तेचाळीस भाराची नाणी पाडायची आणि १७ ला एक या दराने सोनं घ्यायचं. नाणी सारख्या वजनाची धरली तरी एका फेरीत पावणेतीनपट पैसे होतात. हॅरीच्या डोक्यात मात्र फायद्याच्याही आधी दुसराच प्रश्न येतो : हे आजवर कुणी केलं कसं नाही? जादूवर संशोधन करणाऱ्या कुठल्याही पात्राला वाचकाने हाच प्रश्न विचारायला हवा. हजार वर्षांत हजारो मांत्रिक होऊन गेले आणि शोध लागला तो अकरा वर्षांच्या पोराला, तो का? पुस्तक हा प्रश्न पहिल्या पन्नास पानांतच टेबलावर ठेवतं. उत्तर मात्र जेमतेम देतं. त्याकडे पुढे येऊच.

आठव्या प्रकरणात आगगाडीत हॅरी हर्मायनीला २-४-६ हे कोडं घालतो. हा मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा १९६० चा प्रयोग. तीन आकड्यांमागचा नियम ओळखायचा, त्यासाठी आपले आकडे सुचवायचे, समोरचा फक्त ‘बसतात’ किंवा ‘बसत नाहीत’ एवढंच सांगणार. बहुतेक जण ८-१०-१२, २०-२२-२४ असे आपल्या अंदाजाला दुजोरा देणारे आकडे विचारतात आणि ‘दोनदोनने वाढणारे’ असं ठामपणे सांगतात. खरा नियम असतो ‘चढत्या क्रमाचे कुठलेही तीन आकडे’. वेसन यांच्या २९ जणांपैकी पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर देणारे फक्त ६ होते. ‘बसत नाहीत’ असं उत्तर येईल असे आकडे मुद्दाम विचारल्याशिवाय नियम हाती लागत नाही. लेखकाने हे हत्यार आगगाडीतच वाचकाच्या हातात दिलंय, त्यामुळे पुढचे प्रयोग वाचताना आपणही सोबत तपासत राहतो. ही मांडणीतली खरी हुशारी.

बाविसावं प्रकरण हा या सगळ्याचा कळस. प्रश्न असा : मंत्र काम करतो तो शब्दांमुळे, की म्हणणाऱ्याला परिणाम ठाऊक असल्यामुळे? हॅरी मंत्र शोधून आणतो, हर्मायनीला म्हणायला लावतो आणि परिणाम काय होणार याबद्दल तिला कधी खरं सांगतो, कधी खोटं, कधी काहीच नाही. एक मंत्र हिरवी चमकणारी वटवाघळं काढायचा आहे, शब्द ‘ऊगली बूगली’. त्यातल्या स्वरांच्या लांबीचं प्रमाण ३:१:२ असावं लागतं. ते ३:१:१ झालं तर वटवाघळं येतात, पण चमकत नाहीत. परिणाम अजिबात सांगितला नाही तर मंत्र चालत नाही. अंधुक किंवा थोडा चुकीचा सांगितला तर मंत्र चालतो, पण तिला सांगितल्याप्रमाणे नव्हे, मंत्रांच्या पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. हॅरीचे आधीचे अंदाज एकामागून एक कोसळतात आणि त्याची चिडचिड होते, कारण विश्वाला ‘ऊगली बूगली’ कळावं हे त्याला मुळातच मान्य नाही.

हे प्रकरण इतकं जमतं त्याचं कारण न चमकणाऱ्या वटवाघळांत आहे. मंत्र एकतर फळतो नाहीतर फसतो, एवढंच असतं तर त्यातून कळलं असतं फारच थोडं. अर्धवट फळलेला मंत्र सांगतो की ‘वटवाघूळ’ आणि ‘चमक’ या दोन गोष्टी कुठेतरी वेगवेगळ्या बसवलेल्या आहेत आणि त्यातली एक शेवटच्या स्वराला बांधलेली आहे. ज्याने कधी यंत्र उघडून दुरुस्त केलंय त्याला हा क्षण ओळखीचा वाटेल. साफ बंद पडलेल्या यंत्रापेक्षा अर्धवट चालणारं यंत्र बिघाडाचा पत्ता लवकर देतं. बहुतेक फँटसी लेखक चुकलेल्या मंत्राचा उपयोग विनोदापुरता करतात, नाक हिरवं होतं, भांडं फुटतं. इथे चूक ही नोंद आहे.

तरी प्रयोगात खोट आहेच. माणूस एकच, हर्मायनी, आणि तीही वर्गातली सगळ्यांत तरबेज विद्यार्थिनी. तिच्यावरून ‘मांत्रिकांचं असं होतं’ म्हणणं धाडसाचं. शिवाय आंधळेपण एकतर्फी आहे. तिला खरं काय ते ठाऊक नाही, पण समोर बसून सूचना देणाऱ्या हॅरीला ठाऊक आहे. गणित करणाऱ्या ‘हुशार हान्स’ या घोड्याची गंमत १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी उघडकीला आणली ती हीच. घोडा आकडे मोजत नव्हता, बरोबर आकडा आला की प्रश्न विचारणाऱ्याचं अंग नकळत सैलावे, ते तो टिपत होता. खोटं सांगताना हॅरीचा चेहरा काय करत होता याचा बंदोबस्त हवा होता. तिसऱ्या माणसाने चिठ्ठ्या टाकून पाकिटं बंद केली असती तर काम भागलं असतं. हॅरीच्या वाचनात हे नक्की आलं असणार, म्हणून ते राहून जाणं जास्त खुपतं.

टाइम-टर्नरचा, म्हणजे काळात मागे नेणाऱ्या यंत्राचा, प्रयोग सतराव्या प्रकरणात येतो. वर्गमित्र अँथनी गोल्डस्टीन तीन आकडी दोन मूळ संख्या मनात धरून त्यांचा गुणाकार देतो : १,८१,४२९. हॅरीचा बेत असा की भविष्यातून स्वतःकडूनच एक कागद घ्यायचा. तो कोरा निघाला तर त्यावर १०१ × १०१ लिहून मागे पाठवायचा. आकडे असतील तर गुणून पाहायचे. गुणाकार जुळला तर तेच आकडे तसेच मागे पाठवायचे, नाही जुळला तर उजवा आकडा दोनने वाढवायचा, तो ९९७ च्या पुढे गेला की पुन्हा १०१ करून डावा दोनने वाढवायचा. काळाच्या फेऱ्यात फक्त स्वतःशी जुळणारा इतिहासच टिकतो, म्हणजे कागदावर बरोबर उत्तराशिवाय दुसरं काही टिकूच शकत नाही. सगळ्या जोड्या धरल्या तर दोन लाखांहून किंचित जास्त भरतात आणि त्या एकही पायरी न करता निकालात निघतात. खरं तर या आकड्यासाठी एवढा घाट नको. १०१ पासून ओळीने मूळ संख्यांनी भागत गेलं तर ५३ व्या भागाकाराला ३९७ सापडतो आणि दुसरा ४५७. पण मुद्दा तत्त्वाचा आहे. युक्ती चालली तर गुप्तलेखनाची मोठमोठी कुलपंही अशीच उघडतील.

कागदावर काय येतं? हॅरीच्याच, थोड्या थरथरत्या अक्षरात : काळाशी खेळू नकोस. घाबरलेला हॅरी तेच वाक्य लिहून मागे पाठवतो.

फँटसीतल्या प्रयोगफजितीचा याहून नेटका नमुना सापडणं कठीण, कारण इथे फजिती लेखकाच्या लहरीने होत नाही. बेतातच भोक आहे. हॅरीने गृहीत धरलं की कागदावर काहीही आलं तरी आपण ठरलेल्या पायऱ्याच करू. पण घाबरून भलतंच लिहिणारा हॅरी हाही स्वतःशी जुळणारा इतिहासच झाला. धमकी वाचली, घाबरला, तीच धमकी लिहिली, फेरा पुरा. प्रयोगाच्या यंत्रात एक सुटा भाग राहिला होता आणि तो म्हणजे प्रयोग करणारा स्वतः. पुस्तक हे स्पष्टीकरण वाचकाला भरवत बसत नाही, ते आपलं आपण काढावं लागतं. चांगलं केलंय.

तेविसाव्यात, जादूगार घराण्यांच्या शुद्ध रक्ताचा अभिमान असलेल्या ड्रेको या सहाध्यायासोबत, रक्तशुद्धीची तपासणी होते. जादू क्षीण होत असेल तर का? जादूच आटते आहे, की संकर होतोय, की जुनं ज्ञान हरवलं? मग प्रत्येक कारण खरं असतं तर जगात काय वेगळं दिसलं असतं, ते लिहून काढायचं. शिकवण्यासारखी पद्धत. त्यातून मेंडेलचा हिशेब निघतो : जादूसाठी एका अप्रभावी जनुकाच्या दोन प्रती लागत असतील आणि स्क्विबकडे (जादूगार घरात जन्मून जादू न येणाऱ्याकडे) एकच असेल, तर स्क्विब जोडप्याच्या मुलांत सरासरीने चारांत एक जादूगार निघायला हवा. आकडा आधी सांगितलाय आणि तपासता येतो, झकास. पण याच हिशेबाने दोन्ही आईबाप जादूगार असताना स्क्विब जन्मायलाच नको, उत्परिवर्तन झालं नसेल किंवा बाप दुसराच नसेल तर. जुन्या घराण्यांच्या दिवाणखान्यात हा निष्कर्ष मांडायची हिंमत कुणी करेल, असं काही वाटत नाही.

आता तक्रार. अठ्ठाविसाव्या प्रकरणात हॅरी वस्तूचा फक्त एक भाग बदलण्याचं, सगळ्यांनी अशक्य ठरवलेलं रूपांतर खोडरबरावर करून दाखवतो. कसं? रबर म्हणजे अणू, असा विचार करून बघतो, जमत नाही. मग आणखी खोलातलं भौतिकशास्त्र डोक्यात आणतो आणि शेवटी काळच मूलभूत नाही अशी कल्पना मनात धरल्यावर जमतं. ‘आजवर कुणी का केलं नाही’ याला इथे निदान उत्तर आहे. एवढं भौतिकशास्त्र कुठल्या मांत्रिकाने शिकलेलंच नव्हतं. पण सहाच प्रकरणांपूर्वी काढलेला निष्कर्ष आठवा : म्हणणाऱ्याची समजूत थोडी चुकली तरी मंत्र आपलं ठरलेलंच करतो. इथे सगळी मदार समजुतीवर. मंत्र आणि रूपांतर यांचे नियम वेगळे असतील, असायला हरकत नाही, पण असं दोन निष्कर्षांचं भांडण दिसलं की संशोधक सगळं सोडून तिथेच जाऊन बसतो. हॅरी बसत नाही. शिवाय इथे रबर बदलण्यापूर्वी त्याला काही गमवावं लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला यश, तेही एकाच बैठकीत.

आणि मग संशोधन जवळजवळ थांबतं. पुढे सैन्यांच्या लुटुपुटूच्या लढाया आहेत, तुरुंग आहे, न्यायसभा आहे, राजकारण आहे. वाचनीय आहे, पण जादू म्हणजे मुळात काय, हा सुरुवातीला इतक्या ऐटीत विचारलेला प्रश्न मागच्या बाकावर जाऊन बसतो. शोधांचा वापर लढाईतल्या युक्त्यांसाठी होत राहतो. बाविसाव्या प्रकरणाच्या आशेवर शंभर प्रकरणं वाचणाऱ्याची निराशा होईल.

शेजारी ठेवून बघण्याजोगी काही पुस्तकं आहेत. हिरोमू अराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा (२००१ ते २०१०, २७ खंड) या एका बाबतीत युडकोव्स्कींपेक्षा सरस आहे. एल्रिक भाऊ मेलेल्या आईला परत आणायला साहित्य जमवतात : पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरिन साडेसात ग्रॅम, लोह ५, सिलिकॉन ३, वर किरकोळ मूलद्रव्यं. यादी ताडून पाहा. दीड किलो चुन्यात कॅल्शियम येतं एक किलोच्या आसपास, प्रौढ माणसाच्या शरीरात असतं तेवढंच. फॉस्फरस आणि लोहही जवळपास बरोबर, गंधक मात्र बरंच कमी. एकूण वजन साठ किलोच्या घरात. मोजमाप चोख, किमयेसाठी आखलेलं वर्तुळ चोख, निकाल भयानक. एकाचा पाय जातो, दुसऱ्याचं अख्खं शरीर, पाठोपाठ पहिल्याचा हातही. चूक वजनात नव्हतीच, माणूस म्हणजे साहित्याची बेरीज या गृहीतकात होती. आकडे बरोबर असून सिद्धांत चुकू शकतो, हे इतक्या थोडक्या पानांत कुणी दाखवलेलं नाही. पुढे डॉक्टर मार्को या किमयागाराचं संशोधन पाककृतींच्या पुस्तकाच्या वेषात सापडतं आणि ते उलगडल्यावर परिसासाठी लागणारा कच्चा माल म्हणजे जिवंत माणसं, हे कळतं. ‘आधी कुणी केलं नाही का?’ केलं होतं. करून लपवलं होतं. हे उत्तर पटतं.

लॅरी निव्हन यांच्या ‘नॉट लाँग बिफोर द एंड’ (१९६९) या लघुकथेत सगळा प्रयोग एका चकतीत बसवलाय. धातूच्या चकतीवर मंत्र घालायचा : अधिकाधिक वेगाने फिरत राहा, आणि फुटू नकोस. वेग वाढता वाढता त्या जागेवरची जादू संपते, आणि तिथे पुन्हा कुठलीच जादू चालत नाही. जादू ही आटणारी ठेव आहे, हे एका उपकरणाने सिद्ध. या प्रयोगाची किंमतही त्यातच आहे, कारण मोजायला जावं तर जे मोजायचं तेच संपतं. ज्यांना साडेसहा लाख शब्दांना वेळ नाही त्यांनी आधी ही कथा वाचावी.

पॅट्रिक रॉथफस यांच्या ‘द नेम ऑफ द विंड’ (२००७) मधली सिंपथी ही जादूची पद्धत फार सुबक आहे. दोन वस्तू मनाने जोडायच्या, सारखेपणा जितका कमी तितकी शक्ती वाया, उष्णता बाहेरून मिळाली नाही तर अंगातली जाते आणि माणूस गारठतो. पण हे तयार अभ्यासक्रमाचं शिक्षण आहे. नायक क्वोथ झटपट शिकतो, नवं शोधतो कमी. हुशार विद्यार्थी आणि संशोधक यांत गल्लत करणाऱ्या पुस्तकांत हे सर्वांत देखणं. सुझॅना क्लार्क यांच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ (२००४) मध्ये तर प्रयोगशाळाच नाही. १८०६ च्या यॉर्कमध्ये जादूचा नुसता इतिहास चघळणारे सभ्य गृहस्थ आहेत आणि देशभरातले ग्रंथ विकत घेऊन कुलपात ठेवणारा एक नॉरेल. ग्रंथ एकाच्या कपाटात असले की बाकीच्यांचं संशोधन कसं वाळतं, ते तळटीपांसकट दिसतं.

‘मेथड्स ऑफ रॅशनॅलिटी’ घ्यायची तर अशी घ्यावी : पहिली पाच प्रकरणं चाळत, ८ आणि १७ नीट, १५ मधले रूपांतराचे सुरक्षा-नियम जरूर. कुठल्याही वस्तूचा द्रव किंवा वायू करायचा नाही, खाण्यासारखं काही करायचं नाही, कारण रूपांतर कायमचं नसतं आणि पोटात गेलेला पदार्थ आपल्या मूळ रूपावर परततो. २२ आणि २३ कागद-पेन्सिल घेऊन, हॅरीने निकाल सांगण्याआधी आपला अंदाज लिहून ठेवत. २८ वाचून झाल्यावर २२ पुन्हा उघडावं. त्यापुढे वाचायचं ते कथेसाठी, आणि क्विरेल या प्राध्यापकाची भाषणं आवडत असतील तर. बोलताना भाव खाणारा हॅरी पहिल्या दहा प्रकरणांत डोक्यात जातो, याची तयारी ठेवावी. २२ मध्ये तो तोंडावर आपटतो तेव्हा त्यातल्या बऱ्याचशाची भरपाई होते.